आभार मानायचे नाहीत

उंबऱ्यावर ठेवलेल्या दिव्याचा उजेड आतही पडतो आणि बाहेरही. जुन्या शास्त्रकारांना हे दृश्य इतके भावले की त्यांनी त्यावरून एक न्यायच सिद्ध केला, देहलीदीपन्याय. मधला एखादा शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही अर्थांना उजळतो, तेव्हा पंडितांना या दिव्याची आठवण होते. मात्र त्या दिव्याजवळ कोणी बसत नाही, ही गोष्ट कोणा टीकाकाराने नोंदवलेली दिसत नाही. घरातली माणसे आत आपापल्या कामात असतात, वाटसरू आपल्या वाटेने जातो, आणि दिवा तेवढा उंबऱ्यावर तेवत राहतो. तो धड घरातला नव्हे आणि धड रस्त्यावरचाही नव्हे.

दुसऱ्यांसाठी असे उंबऱ्यावर राहण्याची वृत्ती फार थोड्यांच्या ठायी असते. श्रेयाचा लोभ पुष्कळांना सोडता येतो, सोबतीचा लोभ सुटत नाही. बाकमामांनी तो सोडला होता, असे सगळे समजत. त्यांचा स्वतःचाही तसाच समज होता.

विधिमंडळाच्या इमारतीत समित्यांच्या दालनांसमोर एक लांब, उंच छताचा कॉरिडॉर आहे. तिथल्या घड्याळाखालच्या लाकडी बाकावर ते वर्षानुवर्षे बसत, म्हणून बाकमामा. कायदा ज्यांच्या डोक्यावर येऊन पडायचा असतो, पण ज्यांना त्या दालनात पाऊल टाकता येत नाही, अशा लोकांचे म्हणणे आमदारांच्या कानी घालणे हा त्यांचा व्यवसाय. अशा माणसाला लॉबिस्ट म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र दलाल हाच शब्द चटकन येतो, आणि तो ऐकून घेण्याची मामांना सवय होती. ते स्वतःला निरोप्या म्हणवत. मोठमोठ्या कंपन्यांचे निरोप त्यांच्याकडे कधी आले नाहीत. ज्यांच्याकडे फारसे काही नसते, अशांच्या संघटना त्यांच्याकडे येत.

त्या वर्षी बहिऱ्या मुलांच्या पालकांची संघटना आली होती. आरोग्याच्या एका मोठ्या विधेयकात या पालकांना एकच कलम हवे होते. जन्मलेले प्रत्येक मूल रुग्णालयातून घरी जाण्याआधी त्याचे कान तपासले जावेत. यंत्र लहान, तपासणी क्षणभराची, बाळ झोपेत असले तरी चालते. परंतु खासगी रुग्णालयांच्या मालकसंघाला हा नसता खर्च वाटत होता. अधिवेशन संपत आले होते. कलम ठेवायचे की गाळायचे याचा निर्णय समितीत व्हायचा होता, आणि समितीत दोन्ही बाजू समसमान होत्या. मामा रोज कॉरिडॉरमध्ये बसून नेमके करतात काय, असा प्रश्न संघटनेत उघड विचारला जाऊ लागला होता. म्हणून निर्णयाच्या दिवशी संघटनेने आपल्यातल्या एका आईला सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्याबरोबर राहायला पाठवले. डोळ्यांनी बघून ये आणि सांग, असे तिला बजावले होते.

या आईची लेक बहिरी होती आणि ते फार उशिरा कळले होते. तोवर आई पाठमोऱ्या मुलीला हाका मारत राहिली, आणि पोरगी वळून बघत नाही म्हणून तिला हट्टी ठरवत राहिली. एकदा रागाच्या भरात तिने तिच्या पाठीत धपाटाही घातला होता. तो धपाटा अजून तिच्या तळहाताला जाणवत असे. दुसऱ्या कोणा आईवर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच ती संघटनेत आली होती.

मामांची खोली विधिमंडळापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. खाट, इस्त्रीचे टेबल, वर्तमानपत्रांची चळत, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर मामा बसत आणि दुसरीवर त्यांची चामड्याची बॅग. आई आत आली तेव्हा त्यांनी ती बॅग घाईने उचलली, आणि ती ठेवायची कुठे हे त्यांना कळेना. बॅग हातात धरूनच ते थोडा वेळ उभे राहिले.

"बसा ना, ताई. ही आमच्या घरच्यांची खुर्ची. त्या गेल्यापासून या बॅगेचा मुक्काम आहे तिच्यावर."

"मी आपली खाटेवर बसते, मामा."

"छे छे, बसा. खुर्चीलाही बरं वाटेल. चामड्याशी बोलून बोलून कंटाळली असेल."

चहा करण्यासाठी त्यांनी दुसरा कप शोधला आणि तो फार वेळ धूत राहिले. इस्त्री केलेल्या सदऱ्यावर पुन्हा एकदा इस्त्री फिरवता फिरवता त्यांनी तिला कामाच्या रीती सांगितल्या. बंद दार वाजवायचे नाही, ते उघडेपर्यंत थांबायचे. आमदार दुसऱ्या कोणाबरोबर असेल तर त्याला ओळख द्यायची नाही. आपली कल्पना त्याची स्वतःची आहे असे त्याला वाटू लागले, की समजायचे, काम होत आले.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट. आभार मानायचे नाहीत."

"म्हणजे? मदत केली तरी?"

"मदत केली तर मुळीच नाही. तिथं आभार म्हणजे बोट दाखवणं. हा बघा आमच्या बाजूचा, असं सगळ्यांना ओरडून सांगणं. मग त्याच्या पक्षातले त्याला विचारणार, का रे बाबा, तुला तो म्हातारा चालवतो काय? नंतर तो दहा हात लांब. एवढ्या वर्षांत मी कुणालाच धन्यवाद म्हटलेलं नाही. लोकांना मी माजोरडा वाटतो. वाटू दे."

हे ते अभिमानाने म्हणाले. एखादा व्रतस्थ आपला नियम सांगतो, त्या सुरात.

इमारतीत पोचल्यावर मामा करतात काय, हे आईला दिसू लागले. पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसले नसते. लिफ्टमनला त्यांनी त्याच्या सासऱ्याच्या गुडघ्याविषयी विचारले, तेवढ्यात कोणता आमदार आला आणि कोणता नाही हे त्यांना समजले. टायपिस्ट बाईंच्या टेबलापाशी ते क्षणभर उभे राहिले आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवरून मसुदा पुन्हा बदलल्याचे ताडले. समितीतल्या एका सदस्याला बहिऱ्यांविषयी काही कळत नव्हते, परंतु त्याला स्वतःच्या आईचा लळा फार होता. मामा त्याच्याजवळ नुसतेच म्हणाले, "आईसाहेबांना अलीकडे कमी ऐकू येतं म्हणे? हाक ऐकू न येण्याचं दुःख घरात असलं म्हणजे कळतं." एवढे बोलून ते पुढे गेले. तो सदस्य बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत राहिला.

मग ते बाकावर येऊन बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक गोरेपान, जाडजूड गृहस्थ आधीच बसले होते. मालकसंघाचे म्हणणे मांडणारे ते हेच, आणि योगायोग असा की ते मामांचे साडू होते. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. मामांची पत्नी गेल्यापासून दोघांचे एकमेकांच्या घरी जाणेयेणे थांबले होते. या बाकावर मात्र रोज भेट होई, आणि थट्टेपलीकडे बोलणे होत नसे.

"या साडूभाऊ," ते म्हणाले. "आज सावली बरोबर आणलीत? तुमच्या वयात सावली लांब पडते म्हणतात."

"तुमची तर बाकावर मावत नाही," मामा म्हणाले.

"ताई, यांच्याकडून काय शिकणार तुम्ही? गप्प बसायला? ते तर आमची बायकोही मला फुकट शिकवते."

"पण शिकलात कुठं?"

आई हसली. मामाही हसले, जरा जास्तच मोठ्याने. त्या दिवशी मामा सकाळपासून बोलत होते. कोणता आमदार कोणत्या जिन्याने उतरतो, कोणाला पाठीमागून हाक मारलेली चालत नाही, कोणते कलम कोणाच्या सुनेच्या हट्टापायी कायद्यात आले, अशा कितीतरी गोष्टी त्यांच्या मनात साचून राहिल्या होत्या. त्या ऐकायला कोणी नव्हते. आज आई ऐकत होती, विचारत होती, मान डोलावत होती. बाकापाशी उभा राहणारा जुना शिपाई अखेर म्हणाला, "मामा, आज पाण्याचा दुसरा पेला आणू का? घसा बसेल." आणि साडू वर्तमानपत्र खाली न करता पुटपुटले, "आज फार मोकळे झालात. जपा."

पुढे जे घडले त्याचे मूळ या मोकळेपणात होते.

समितीतला एक हात मामांनी कित्येक महिन्यांच्या खटपटीने वळवला होता. तो एका डॉक्टर आमदाराचा. ते सत्ताधारी पक्षाचे, आणि त्यांच्या पक्षाचा प्रतोद, म्हणजे सदस्यांना शिस्तीत ठेवणारा गृहस्थ, मालकसंघाच्या जवळचा. डॉक्टरांचा होकार मामा, डॉक्टर आणि आई यांच्यापलीकडे कोणालाही ठाऊक नव्हता. बैठकीआधी डॉक्टर कॅन्टीनच्या जिन्यावरून वर आले. बरोबर प्रतोद होता. जिन्याच्या वळणावर मामा आणि आई त्यांना समोरासमोर भेटले.

आपला नियम मामांना पाठ होता. बाजूला व्हायचे आणि भिंतीवरचे चित्र पाहायचे. परंतु शेजारी आई उभी होती. तिने सकाळपासून इतके ऐकून घेतले होते, आणि ज्या माणसाच्या हातात तिचे सगळे होते तोच समोर आला होता. तो सुंदर क्षण एकट्याने गिळणे त्या दिवशी त्यांना जमले नाही.

"डॉक्टरसाहेब," मामा म्हणाले, "या त्या मुलीच्या आई. यांच्यासाठी तुम्ही जे करताय ना, त्याबद्दल फार फार आभार."

बोलता बोलताच त्यांना उमगले. वाक्य संपेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण डोळे विझले. डॉक्टरांनी नजर भिंतीकडे वळवली. प्रतोदाने मात्र मान हलवत, अगदी गोड आवाजात विचारले, "अरे वा! काय करताय हो डॉक्टर?"

दोघे पुढे निघून गेले. आईला काही विचारावे लागले नाही. नियम तिने सकाळीच ऐकला होता.

थोड्या वेळाने ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, जिथे जुने अहवाल धूळ खात पडतात, डॉक्टरांनी मामांना गाठले. ते रागावलेले नव्हते, खचलेले होते.

"मामा, तुम्ही? दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजू शकलो असतो."

"चूक झाली, डॉक्टर."

"प्रतोद म्हणतो, खुशाल हात वर कर. पण बाकावरचा माणूस तुला चालवतो, असं आता सगळे म्हणणार. आणि चालवल्या जाणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत तिकीट देणं पक्षाला जड जातं म्हणे. मी आत गेलो तरी गप्प बसेन. मला दुसरा मार्ग दिसत नाही."

म्हणजे कलम गेले.  दाराशी उभ्या आईच्या डोळ्यांपुढे लेकीची पाठमोरी आकृती आली आणि जाईना.

मामा बराच वेळ खिडकीच्या दांड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिले.

"मार्ग आहे," ते म्हणाले. "तुम्ही माझे आहात असं त्यानं पाहिलं. आता तुम्ही माझे नाही, असं त्याला पाहू द्या. बैठकीआधी कॉरिडॉरमध्ये मी तुमच्या आडवा येतो. तुम्ही मला झाडा. सगळ्यांदेखत. मग आत जाऊन डॉक्टर म्हणून हात वर करा. कुणाची काय बिशाद आहे, मी तुम्हाला चालवतो म्हणायची?"

"मी तुम्हाला? नाही जमायचं मला."

"जमवा. आणि मिळमिळीत नको. खरं वाटलं पाहिजे. एकदा झाडलंत की पुन्हा कधी मला ओळख द्यायची नाही. इथंही नाही, रस्त्यातही नाही."

"मामा, असं कशाला?" आई म्हणाली.

"जीभ माझी घसरली, ताई. किंमत डॉक्टरांनी का द्यावी? आणि तुमच्यासारख्यांच्या मुलींनी तर मुळीच नाही."

दालनाची दारे उघडायच्या वेळी कॉरिडॉर भरलेला होता. साडू बाकावर होते, प्रतोद दाराशी. मामा बॅग छातीशी धरून डॉक्टरांपुढे आले आणि लाचारीने म्हणाले, "साहेब, आमचं तेवढं लक्षात..."

"बाजूला व्हा!" डॉक्टर गरजले. "मघाशी जिन्यात काय ते आभार! मी तुमच्या खिशात आहे असं वाटतं का तुम्हाला? पुन्हा माझ्या वाटेत यायचं नाही!"

कॉरिडॉर थबकला. परंतु प्रतोदाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू तसेच होते. त्याने असली नाटके पुष्कळ पाहिली होती. डॉक्टरांना ते हसू दिसले. मामांनाही दिसले. पुढचे डॉक्टर खालच्या आवाजात बोलले.

"आमदार व्हायच्या आधी तुमच्या बायकोवर उपचार केलेत मी. शेवटच्या दिवशी ती तुम्हाला हाका मारत होती, आणि तुम्ही याच बाकावर कुणाची तरी वाट बघत बसला होता. उशाशी मी होतो. ज्याला घरच्या माणसाची हाक ऐकू आली नाही, तो मला पोरांच्या कानांविषयी शिकवणार?"

मामांच्या हातून बॅग पडली. ती उचलायला कोणी वाकले नाही. प्रतोदाचे हसू मावळले. त्याने पुढे होऊन डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या हो डॉक्टर. म्हातारा माणूस आहे. चला आत."

दारे बंद झाली.

आईने बॅग उचलली आणि मामांना बाकावर बसवले. लोक पांगले, जाताना जो तो बाकापासून जरा लांबून गेला. राहिले फक्त साडू. त्यांच्या मांडीवर एक घडी केलेली चिठ्ठी होती. शिपायाच्या हाती देऊन ती ते केव्हाही आत प्रतोदाकडे पाठवू शकत होते. ते मामांकडे पाहत होते.

"नाटक बरं वठलं," ते हळूच म्हणाले. "पण तो शेवटचा संवाद तुम्ही लिहून दिला नव्हता. हो ना?"

आईने त्या चिठ्ठीकडे पाहिले. या माणसाने सगळे ओळखले होते. दोन शब्द आत गेले की संपले. मामा मान वर करेनात.

साडूंनी चिठ्ठी उलगडली, पुन्हा घडी केली, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"घाबरू नका, ताई. माझं काम मी इमानानं करतो आणि आज ते केलं तर जिंकेनसुद्धा. पण माझ्या मेहुणीचं मरण मध्ये आलं. ती घरची गोष्ट. तिच्यावर पाय देऊन मी इथं काही मिळवलं, तर घरी तिच्या बहिणीसमोर कोणत्या तोंडानं जेवायला बसू?" मग ते बाकावर सरकत सरकत मामांच्या अगदी जवळ आले. "मी तुम्हाला हेच कधीपासून सुनावणार होतो, साडूभाऊ. आता दुसऱ्यानं सुनावलं, तर मला ऐकवलं नाही."

दोन्ही साडू खांद्याला खांदा लावून बसून राहिले. घड्याळाचा काटा सरकण्याचा आवाज त्या कॉरिडॉरमध्ये ऐकू येतो, हे आईला तेव्हा कळले.

पुष्कळ वेळाने टायपिस्ट बाई बाहेर आल्या. त्या थांबल्या नाहीत. बाकासमोरून जाताना एवढेच म्हणाल्या, "राहिलं."

कलम राहिले होते. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि शब्द ओठांपर्यंत आला. मामांनी बोट ओठांवर ठेवले.

संध्याकाळी ती त्यांना खोलीपर्यंत सोडायला गेली. जिना चढताना ते म्हणाले, "संघटनेत आजचं काही सांगू नका. डॉक्टर आमदार आहेत तोवर नको."

"मग संघटनेतले तुम्हाला काढून टाकतील, मामा."

"टाकू देत. नाही तरी मला आता तिथं कोण उभं करणार?"

दाराशी तिने धीर करून विचारले, "त्यांनी म्हटलं ते खरं होतं?"

"मीच म्हटलं होतं, खरं वाटलं पाहिजे." मामांनी किल्ली फिरवली. "त्यांच्याजवळ माझ्याविषयीचं दुसरं काही खरं नव्हतं."

दिवा लावून त्यांनी बॅग त्या खुर्चीवर ठेवली. मग उचलली, आणि जमिनीवर ठेवली.

आईने त्यांचा शब्द पाळला. संघटनेत तिने एवढेच सांगितले की मामा दिवसभर बाकावर बसले होते. कॉरिडॉरमधला प्रसंग तोवर सर्वांच्या कानी गेला होता. चारचौघांत अपमान करून घेणारा माणूस काय कामाचा, असे म्हणून संघटनेने त्यांना मोकळे केले. विधेयक मंजूर झाले, सभा भरवून डॉक्टरांचा सत्कार झाला. भाषणात डॉक्टर एका जागी अडखळले आणि पाणी प्यायले. मामा त्या सभेला नव्हते. त्यांना बोलावणेच गेले नव्हते, आणि गेले असते तरी ते आले नसते.

त्यानंतर मामा विधिमंडळात फिरकले नाहीत. साडू सुटीच्या दिवशी पत्नीला घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. आईही जाई, कधी लेकीला घेऊन. लेक हातांनी बोले आणि मामा तिच्याकडून एकेक खूण शिकत. आभाराची खूण त्यांनी शिकून घेतली, पण कधी वापरली नाही. एकदा ती खूण मुलीने त्यांना केली, तेव्हा ते खिडकीकडे वळले.

ते गेले तेव्हा त्यांच्याभोवती तेवढीच माणसे होती. डॉक्टर आले नाहीत. न येणे हेच त्यांच्यातल्या कराराला धरून होते. संघटनेचे काम आता आई पाहते आणि घड्याळाखालच्या बाकावर बसते. तिच्या शेजारी साडू असतात. ती कोणाचे आभार मानत नाही.

मामांच्या मागे मूलबाळ नाही. खोलीत आता दुसरे भाडेकरू आहेत, आणि दोन्ही खुर्च्या साडूंच्या घरी गेल्या. कायद्यात एक कलम आहे, दोन ओळींचे. जन्मलेल्या मुलाचे कान ते घरी जाण्याआधी तपासले जातात.